रेसिडेंटला लॅब चालवायला शिकवायचं कसं: क्यूसी चार्टपासून स्वतःच्या प्रोजेक्टपर्यंत

रात्री साडेअकराला एका पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटचा (पॅथॉलॉजीत पीजी करणाऱ्या डॉक्टरचा) फोन आला, मॅडम एका पेशंटचं पोटॅशियम ९.४ आलंय, पॅनिक व्हॅल्यू म्हणून वॉर्डला कळवू का? मी विचारलं कॅल्शियम किती आहे बघ. ४.१. आणि अल्कलाइन फॉस्फेटेज? तेही एकदम खाली. दोन सेकंद शांतता, मग तोच म्हणाला, मॅडम ईडीटीए. बरोबर ओळखलं त्याने. ईडीटीए म्हणजे रक्त गोठू नये म्हणून जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये असतं ते रसायन. त्या ट्यूबमधलं रक्त कोणीतरी दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं होतं, ईडीटीएच्या मिठातलं पोटॅशियम मोजलं गेलं, कॅल्शियम ईडीटीएने बांधून टाकलं, आणि फॉस्फेटेजला लागणारं झिंक-मॅग्नेशियमही. थिअरी पक्की होती पोराची. पण त्याचा पुढचा प्रश्न होता, "आता या रिपोर्टचं काय करायचं?" रिपोर्ट थांबवायचा अधिकार त्याला आहे का, सिस्टीममध्ये तो रद्द कसा होतो, वॉर्डमध्ये कोणाशी बोलायचं आणि काय शब्दांत, ही घटना कुठे लिहायची, त्याच ट्रेमधून आलेली बाकीची सॅम्पल्स बघायची का, यातलं एकही त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आम्हीच शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून लॅब मॅनेजमेंट आणि क्वालिटी हा विषय मी वेगळ्या पद्धतीने शिकवते, आणि इतक्या बॅचेसनंतर माझं मत पक्कं झालंय की हा विषय लेक्चरने येत नाही. रेसिडेंटच्या हातात आपल्याच लॅबचा खरा डेटा, एक खरी अडचण आणि ती सोडवायचा थोडासा खरा अधिकार दिला की येतो. खाली जे लिहिलंय ते करून बघितलेलं आहे, ज्यांच्याकडे मोठी सिस्टीम नाही, फक्त रजिस्टर आणि पेन्सिल आहे, त्यांनाही यातलं बरंचसं जमेल.

आधी ठरवा, शिकवायचं काय

विषय अवाढव्य आहे, सगळं शिकवायला गेलं तर काहीच डोक्यात राहत नाही. अमेरिकेत एसीजीएमईने (रेसिडेन्सींना मान्यता देणाऱ्या संस्थेने) १९९९ मध्ये सगळ्या रेसिडेन्सींसाठी सहा क्षमता ठरवल्या, त्यातल्या दोन थेट याच विषयाच्या आहेत, एक म्हणजे आपण ज्या व्यवस्थेत काम करतो ती समजून त्यात काम करणं, आणि दुसरी स्वतःच्या कामातून शिकून ते सुधारणं. लॅबसाठी आयएसओ १५१८९ हे स्टँडर्ड आहे, पहिली आवृत्ती २००३ ची, चौथी २०२२ ची, आणि या चौथ्या आवृत्तीत रिस्कवर म्हणजे पेशंटला यातून काय धोका होऊ शकतो यावर बराच भर आहे. रेसिडेंटला ते स्टँडर्ड पहिल्याच दिवशी वाचायला देऊ नका प्लीज. आधी लॅब दाखवा, मग त्यातलं एकेक कलम आपोआप ओळखीचं वाटतं.

मी स्वतःपुरती यादी छोटी ठेवलीये. सॅम्पलचा प्रवास, क्यूसी (मशीन बरोबर मोजतंय का याची रोजची तपासणी), चूक झाल्यावर काय करायचं, एक पूर्ण क्वालिटी प्रोजेक्ट, पैसा आणि स्टॉक, नवीन मशीन किंवा टेस्ट सुरू करणं, आणि माणसांशी बोलणं. पहिल्या वर्षी प्रवास आणि क्यूसीची तोंडओळख, मधल्या काळात क्यूसी नीट आणि चुकांचा तपास, शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट, खर्च, मीटिंगा. एकच दोन आठवड्यांचं "मॅनेजमेंट पोस्टिंग" ठेवून मोकळं होऊ नका, रेसिडेंट ते दोन आठवडे परीक्षेच्या अभ्यासाला वापरतो आणि त्यात त्याची चूक नाही. आठवड्याला दीड तास, पण वर्षभर, हे जास्त टिकतं.

पायरी १: सॅम्पलच्या मागे चालायला लावा

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे आणि याला पैसा लागत नाही. रेसिडेंटच्या हातात घड्याळ आणि कोरा कागद द्यायचा, वॉर्डमध्ये रक्त काढताना उभं राहायचं आणि ते सॅम्पल रिपोर्ट होईपर्यंत त्याच्यासोबत राहायचं, प्रत्येक टप्प्याची वेळ लिहायची. असं किमान दहा सॅम्पलचं, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी.

एका मुलीने आणलेला कागद मला अजून आठवतो. रक्त काढलं ९:०५, लेबल ९:०७, ट्रेमध्ये पडून ९:५० पर्यंत कारण ट्रे भरल्याशिवाय न्यायचा नाही असा अलिखित नियम, लॅबच्या खिडकीत ९:५८, एंट्री १०:२०, सेंट्रिफ्यूजमध्ये १०:३२, मशीनवर १०:४५, रिझल्ट ११:०२, सही होऊन रिपोर्ट बाहेर ११:४०. एकूण १५५ मिनिटं, त्यातली मशीनवरची फक्त १७. आणि त्या काळात आमच्या प्रत्येक मीटिंगमध्ये चर्चा काय चालू होती, तर जास्त वेगाचं मशीन घ्यावं का! तिने तो कागद मीटिंगमध्ये टेबलावर ठेवला आणि मशीनचा विषय त्या दिवशी संपला.

चालून आल्यावर रेसिडेंटला तीन गोष्टी विचारा. कुठे सॅम्पल नुसतं थांबलं होतं, कुठे ओळख चुकू शकली असती, आणि एसओपीमध्ये (कामाच्या लेखी पद्धतीत) लिहिलेलं आणि प्रत्यक्षात होतं ते कुठे वेगळं होतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना आपल्याला अवघड जातं, पण तिथे रागवायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो आपल्याला आवडेल तेच लिहून आणेल.

हिस्टोमध्येही, म्हणजे टिश्यू तपासतात तिथेही, हेच करा. ब्रेस्टचं स्पेसिमन घ्या, ऑपरेशन थिएटरमधून निघाल्यापासून फॉर्मलिनमध्ये पडेपर्यंत किती वेळ गेला (एक तासाच्या आत हवं) आणि १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये किती तास राहिलं (६ ते ७२ तास), कारण ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट ज्यावर ठरते त्या हॉर्मोन रिसेप्टर आणि हरटू टेस्टचा रिझल्ट यावर अवलंबून असतो. शुक्रवारी संध्याकाळी आलेलं स्पेसिमन सोमवारपर्यंत कुठे होतं हे शोधायला लावलं की इम्युनोचा (या टेस्टसाठी स्लाइडवर करतात तो) स्टेन "का लागला नाही" या प्रश्नाकडे बघायची नजरच बदलते.

पायरी २: क्यूसी हाताने काढायला लावा

सॉफ्टवेअर सगळं करतं, मग हाताने कशाला, हा प्रश्न दर बॅचला येतो. कारण सॉफ्टवेअर लाल ठिपका दाखवतं, तो लाल का आहे हे सांगत नाही. लेव्ही आणि जेनिंग्ज या दोघांनी १९५० मध्ये कंट्रोल चार्ट क्लिनिकल लॅबमध्ये आणला, त्याआधी शूहार्टने १९२४ मध्ये कारखान्यासाठी तो तयार केला होता, म्हणजे ही कल्पना कागद-पेन्सिलच्या काळातलीच आहे आणि कागदावरच नीट समजते.

सेशन असं घ्या. आपल्याच लॅबमधल्या एका टेस्टच्या कंट्रोलच्या (ज्याची व्हॅल्यू आधीच माहीत असते अशा तपासणीच्या सॅम्पलच्या) २० जुन्या व्हॅल्यूज द्या, मीन (सरासरी) आणि एसडी (व्हॅल्यूज मीनभोवती किती पसरल्यात त्याचं माप) काढायला लावा, ग्राफ पेपरवर मीन, १, २, ३ एसडीच्या रेषा मारायला लावा. मग पुढच्या ३० दिवसांच्या व्हॅल्यूज एकेक करून वाचा, एकदम सगळ्या देऊ नका, आणि प्रत्येक ठिपक्याला विचारा, आज रिपोर्ट सोडणार का? समजा मीन १०० आहे आणि एसडी ४. पहिल्या दिवशी १०३, दुसऱ्या दिवशी ९७, मग १०९. इथे निम्मी मुलं म्हणतात थांबवा. मग दाखवा की २ एसडीच्या बाहेरची व्हॅल्यू सगळं ठीक असतानाही वीसातून एकदा येणारच, आणि दोन लेव्हलचे कंट्रोल लावत असाल तर साधारण ९ टक्के रनमध्ये उगाचच अलार्म वाजेल. म्हणून वेस्टगार्ड आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अनेक नियम एकत्र वापरायची पद्धत मांडली, २ एसडी म्हणजे फक्त सावध हो, बाकीचे नियम बघ.

नियम पाठ करून घ्यायच्या ऐवजी प्रत्येक नियमाला "हे कशामुळे झालं असेल" हा प्रश्न जोडा. एक व्हॅल्यू ३ एसडीच्या बाहेर, किंवा एकाच रनमध्ये एक कंट्रोल अधिक २ च्या वर आणि दुसरा उणे २ च्या खाली, हे बहुतेक वेळा रँडम एररचं लक्षण, म्हणजे बुडबुडा, पिपेटिंग, वीज वरखाली होणं, नीट न मिसळलेला कंट्रोल. सलग दोन एकाच बाजूला २ च्या बाहेर, सलग चार एकाच बाजूला १ च्या बाहेर, सलग दहा मीनच्या एकाच बाजूला, हे सिस्टिमॅटिक, म्हणजे कॅलिब्रेशन, रीएजंटचा (टेस्टला लागणाऱ्या रसायनाचा) नवीन लॉट, दिवा म्हातारा झाला, टेम्परेचर.

मी जो ३० दिवसांचा डेटा वापरते त्यात सतराव्या दिवशी रीएजंटचा लॉट बदललेला आहे आणि त्यानंतर सगळे ठिपके मीनच्या वर, पण एकही २ एसडीच्या बाहेर नाही. रेसिडेंट रोज "सोडा" म्हणत जातात. सव्विसाव्या दिवशी कोणाच्या तरी लक्षात येतं की दहा झाले. मग मी लॉगबुक पुढे करते, यात बघा काय सापडतंय. लॉट बदलल्याची नोंद सापडली की वर्गात जो आवाज होतो त्यासाठी मी हे सेशन घेते. त्यानंतर खरा प्रश्न, की आता सतराव्या दिवसापासून गेलेल्या पेशंटच्या रिपोर्टचं काय? हा लुक-बॅकचा प्रश्न पुस्तकात एका ओळीत असतो, पण प्रत्यक्षात हेच ठरवावं लागतं, फरक किती आहे, तेवढ्या फरकाने कोणत्या पेशंटची ट्रीटमेंट बदलली असती, शेवटच्या चांगल्या कंट्रोलनंतरची कोणती सॅम्पल्स परत लावायची, कोणाला फोन करायचा.

एक सवय पहिल्या दिवसापासून मोडून काढा. कंट्रोल बाहेर गेला, परत लावला, परत बाहेर, नवीन बाटली उघडून लावला, आत आला, चला रिपोर्ट सुरू. हे सगळीकडे चालतं आणि रेसिडेंट ते टेक्निशियनकडून बघून बघून शिकतो. आत आला म्हणजे बरं झालं असं नाही, आधी कोणती गोष्ट बिघडली होती आणि काय केल्यावर ती सुधारली हे दोन वाक्यांत लिहिता आलं पाहिजे, नसेल येत तर तपास अजून संपलेला नाही.

सिग्मा मेट्रिक, म्हणजे टेस्ट किती भरवशाची आहे याचं माप, वीस मिनिटांत शिकवून होतं. किती चूक चालेल त्यातून बायस (खऱ्या व्हॅल्यूपासून कायमचा फरक) वजा करायचा आणि सीव्हीने (एसडी मीनच्या किती टक्के आहे त्याने) भागायचं. चालणारी चूक १० टक्के, बायस २, सीव्ही २, तर सिग्मा ४. सीव्ही ४ झाला की तीच टेस्ट सिग्मा २ वर येते. आपल्या लॅबच्या पाच टेस्टचा सिग्मा काढायला लावा, मग सगळ्या टेस्टना एकच क्यूसी नियम लावणं का चूक आहे हे सांगावं लागत नाही.

ईक्यूएचा, म्हणजे बाहेरची संस्था सॅम्पल पाठवून आपले रिझल्ट तपासते त्याचा, रिपोर्ट फाइलला लावण्याआधी रेसिडेंटकडे जाऊ द्या. आपला स्कोअर २ च्या आत आहे म्हणून टिक मारणं सोपं आहे, पण सलग चार सायकल १.६, १.७, १.५, १.८ असं एकाच बाजूला येत असेल तर तिथे काहीतरी हळूहळू सरकतंय, हे त्याने सांगायला हवं.

पायरी ३: चूक झाली की तपास शिकवा, माणूस पकडायला नको

तपासाची पहिली अट ही की रेसिडेंटला भीती वाटता कामा नये. आपण स्वतःची चूक सगळ्यांसमोर सांगितली तर हे लवकर होतं. मी बरीच वर्षं पहिल्याच सेशनला माझी एक सांगते. ग्रॉसिंगला (टिश्यू बघून, कापून कॅसेटमध्ये घालायला) बसले होते, शेजारी दोन पेशंटच्या छोट्या बायोप्सी, दोघांच्या कॅसेट (तुकडा ठेवायच्या छोट्या डब्या) सकाळीच नंबर घालून एका रांगेत मांडून ठेवलेल्या, मधे फोन आला, परत बसले आणि एकाचा तुकडा दुसऱ्याच्या कॅसेटमध्ये गेला. स्लाइड बघताना क्लिनिकल हिस्ट्रीशी काही जुळेना म्हणून पकडलं गेलं.

हीच घटना घेऊन वर्गात तपास करायला लावा. आधी टाइमलाइन, मिनिटामिनिटाची, मत न घालता. मग का, का, का. तुकडा चुकीच्या कॅसेटमध्ये का गेला? कारण दोन पेशंटच्या उघड्या कॅसेट शेजारी होत्या. का होत्या? कारण सगळ्या कॅसेट सकाळी एकदम लिहून ठेवतात. का? कारण लिहिणारा माणूस अकरानंतर दुसऱ्या कामाला जातो. का? कारण ड्युटी तशी लावलीये. बघा, सुरुवात "मॅडमचं लक्ष नव्हतं" इथून झाली आणि पोचलो ड्युटी चार्टवर. पाचच वेळा का विचारायचं असं काही नाही, जिथे आपल्याला बदलता येईल अशी गोष्ट सापडते तिथे थांबायचं. आणि एकच साखळी धरून बसायचं नाही, त्याच घटनेत फोन ग्रॉसिंग टेबलवर का वाजतो ही दुसरी साखळी आहे. माशाच्या काट्याची आकृती, म्हणजे इशिकावाची, अशा वेळी उपयोगी पडते.

सगळ्यात जास्त वेळ उपायावर घालवा. रेसिडेंटचा पहिला उपाय हमखास "स्टाफचं री-ट्रेनिंग" किंवा "सूचना फलक लावणे" असतो. त्याला सांगा की उपायांना ताकद असते, आणि यांची ताकद सगळ्यात कमी कारण ते माणसाच्या आठवणीवर चालतात. चेकलिस्ट, दुसऱ्याने तपासणं हे मधले. सगळ्यात भक्कम म्हणजे अशी व्यवस्था की चूक करताच येऊ नये, एका वेळी टेबलावर एकच पेशंट, त्याचा बारकोड स्कॅन केल्यावरच कॅसेट छापली जाते. प्रिंटर नसेल तरी "एक डबा, एक पेशंट, त्याच्याच कॅसेट, बाकी सगळं झाकलेलं" हे करता येतं आणि आम्ही प्रिंटर यायच्या आधी तेच केलं.

ज्यात काही बिघडलं नाही पण बिघडणार होतं अशा घटनाही लिहायला लावा, महिन्याला प्रत्येक रेसिडेंटने दोन तरी. न बघता कोणी "माझ्याकडे काहीच झालं नाही" म्हणालं तर त्याला परत सॅम्पलमागे चालायला पाठवा.

पायरी ४: एक पूर्ण प्रोजेक्ट, छोटा पण पूर्ण

इथे बहुतेक डिपार्टमेंट चुकतात. विषय निवडतात "टर्नअराउंड टाइम (सॅम्पलपासून रिपोर्टपर्यंतचा वेळ) सुधारणे", सहा महिने डेटा गोळा होतो, पोस्टर होतं, रेसिडेंट पास होऊन जातो आणि लॅबमध्ये एक खुर्चीसुद्धा हललेली नसते. तो ऑडिट झाला, सुधारणा नाही.

विषय इतका छोटा हवा की तीन महिन्यांत बदल करून मोजता येईल, आणि रेसिडेंटला स्वतःला त्याचा त्रास होत असेल तर फारच उत्तम. उद्दिष्ट एका वाक्यात, काय, किती, कुठे, कधीपर्यंत. "कोॲग्युलेशनची सॅम्पल रिजेक्शन कमी करणे" असं नको, "अमुक वॉर्डमधून येणाऱ्या निळ्या ट्यूबचं कमी भरल्यामुळे होणारं रिजेक्शन तीन महिन्यांत निम्म्यावर आणणे" असं हवं.

हेच उदाहरण पुढे नेते कारण ते खरं आहे. निळी ट्यूब म्हणजे रक्त गोठण्याच्या टेस्टची सायट्रेट ट्यूब, तिच्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हवं, रक्त कमी भरलं तर सायट्रेट जास्त होतं, आणि एपीटीटी (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाची टेस्ट) खोटाच लांबतो, म्हणून आम्ही ट्यूब परत पाठवायचो आणि वॉर्ड चिडायचा. सगळ्यांना वाटत होतं की सिस्टर घाईत असतात. रेसिडेंटने आधी चार आठवडे नुसतं मोजलं, दर आठवड्याला आलेल्या ट्यूब किती, रिजेक्ट किती. मग तो तीन सकाळी वॉर्डमध्ये जाऊन उभा राहिला. तिथे दिसलं की बारीक शिरांसाठी नळीवाली बटरफ्लाय सुई वापरतात आणि निळी ट्यूब पहिली लावतात. म्हणजे नळीतली हवा आधी ट्यूबमध्ये जाते, तेवढा व्हॅक्यूम संपतो आणि ट्यूब रेषेपर्यंत भरतच नाही. घाई वगैरे काही नव्हतं, सिस्टर अगदी नियमाप्रमाणे करत होत्या, निळी पहिली, पण आधी एक फेकायची ट्यूब लावून नळीतली हवा काढायची असते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि फेकायच्या ट्यूब वॉर्डला आम्ही दिल्याही नव्हत्या.

पहिला बदल एका सिस्टरसोबत, एका शिफ्टमध्ये, एक दिवस. इतका छोटा. पीडीएसए म्हणजे ठरवा, करून बघा, तपासा, पुढचं ठरवा, आणि याचा सगळा अर्थ पहिलं चक्र छोटं ठेवण्यात आहे. त्या दिवशी कळलं की फेकायच्या ट्यूब ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात आहेत म्हणून हाताशी येत नाहीत. दुसऱ्या चक्रात त्या निळ्या ट्यूबशेजारी रबरबँडने बांधून ठेवल्या. तिसऱ्यात पूर्ण वॉर्ड.

डेटा रन चार्टवर दाखवायचा, मधोमध मीडियनची रेषा आणि दर आठवड्याचा एक ठिपका. आधी-नंतरचे दोन खांब असलेला बार चार्ट रेसिडेंटला फार आवडतो, तो नको, त्यात आधीपासूनच कमी होत होतं का हे दिसत नाही. रन चार्टवर सलग सहा ठिपके मीडियनच्या एकाच बाजूला, किंवा सलग पाच वर किंवा खाली जाणारे, म्हणजे खरोखर काही बदललंय असं समजायला जागा आहे. आणि सोबत एक उलटी बाजू मोजणारं माप ठेवायचंच, आमच्या बाबतीत पेशंटच्या अंगातून किती जास्तीचं रक्त काढलं जातंय ते, कारण एक गोष्ट सुधारताना दुसरी बिघडते.

गाइडचं काम काय, तर दर आठवड्याला वीस मिनिटं, उभ्याउभ्या चालेल. तीनच प्रश्न, गेल्या आठवड्यात काय करून बघितलं, ठिपका कुठे पडला, अडलंय कुठे. आणि जिथे त्याचा अधिकार संपतो तिथे फोन आपण करायचा. वॉर्डच्या इन्चार्जशी बोलणी रेसिडेंटवर सोडून देऊ नका, दोनदा "बघू नंतर" ऐकलं की पोरगं खचतं.

पायरी ५: पैसा आणि स्टॉक

डॉक्टरला पैशाचं बोलायला संकोच वाटतो, म्हणून एक गणित करायला द्या. १०० टेस्टचा किट आहे, रोज ५ पेशंट येतात, रोज २ कंट्रोल लागतात. कॅलिब्रेशनला ६ आणि रिपीटला ४ गेल्या असं धरा, ९० उरल्या. रोज लावली तर दिवसाला ७ टेस्ट जातात, किट तेरा दिवसांत संपतो आणि पेशंटचे रिपोर्ट निघतात ६४. एक दिवसाआड लावली तर एका रनमध्ये १० पेशंट आणि २ कंट्रोल, रिपोर्ट निघतात साधारण ७५. किटची किंमत १०० ने भागून "एका टेस्टचा खर्च" सांगणारा विक्रेता चुकीचं बोलत नाही, पण आपला एका रिपोर्टचा खर्च वेगळा असतो.

आता वाद घालू द्या. एक दिवसाआड लावली तर रिपोर्टला एक दिवस उशीर, ही टेस्ट कशासाठी मागवतात, त्या एका दिवसाने कोणाचं नुकसान होतं का, बाटली उघडल्यावर रीएजंट किती दिवस टिकतं? एकच बरोबर उत्तर नाही आणि तेच शिकवायचंय. स्टॉकसाठी रेसिडेंटला एक दिवस फ्रीजसमोर उभं करा, ज्याची एक्स्पायरी आधी ते पुढे, आणि रोजचा वापर आणि माल यायला लागणारे दिवस यावरून कधी ऑर्डर द्यायची ते काढायला लावा. बाकी टेंडर, मशीन भाड्याने की विकत वगैरे अकाउंट्सच्या माणसालाच एक तास बोलवा, तो आपल्यापेक्षा चांगलं शिकवतो.

पायरी ६: नवीन मशीन, नवीन टेस्ट

संधी आली की रेसिडेंटला आत घ्या, ही वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच येते. कंपनीचा माणूस व्हेरिफिकेशन करून फाइल देतो आणि आपण सही करतो, असं होऊ देऊ नका. सीएलएसआय या लॅबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेच्या पद्धतीप्रमाणे प्रिसिजनसाठी (तेच सॅम्पल परत लावल्यावर तोच आकडा येतो का यासाठी) पाच दिवस, रोज पाच वेळा, तेच सॅम्पल लावणं आणि रेफरन्स रेंजसाठी २० निरोगी लोकांची सॅम्पल्स, त्यातली दोनपेक्षा जास्त रेंजच्या बाहेर गेली नाहीत तर रेंज स्वीकारायची, हे दोन भाग तरी रेसिडेंटने स्वतःच्या हाताने करावेत. निर्णयही त्यालाच लिहायला सांगा, घ्यायची की नाही आणि का, आपण सही नंतर करू.

पायरी ७: माणसं

क्रिटिकल म्हणजे पॅनिक व्हॅल्यूचा, ज्यात पेशंटच्या जिवाला धोका असू शकतो, फोन करून घ्या, आपल्यासमोर. १९७२ मध्ये लुंडबर्गने ही कल्पना मांडली तेव्हापासून ती सगळीकडे आहे, तरी फोन कसा करायचा हे शिकवलं जात नाही. पेशंटच्या दोन ओळखी, व्हॅल्यू, समोरच्याने ती परत वाचून दाखवायची, त्याचं नाव आणि वेळ लिहायची. चाळीस सेकंदांचं काम आहे, पहिल्यांदा करताना आवाज थरथरतो, पाचव्यांदा नाही.

सिनिअर टेक्निशियनला शिक्षक म्हणून अधिकृतपणे नेमा, त्यांचं नाव टाइमटेबलवर छापा. क्यूसी आणि मशीनबद्दल त्यांना जे माहीत असतं ते आपल्यापैकी बऱ्याच जणांना नसतं, आणि रेसिडेंट त्यांना "दादा", "ताई" म्हणत शिकला की पुढे हाच कन्सल्टंट झाल्यावर त्यांचं ऐकतो. शेवटच्या वर्षाच्या रेसिडेंटला महिन्याची क्वालिटी मीटिंग चालवू द्या, अजेंडा त्याने काढायचा, मिनिट्स त्याने लिहायची, मागच्या मीटिंगमधलं काय झालं नाही हे त्याने विचारायचं, मलासुद्धा. पहिल्यांदा विचारताना अडखळतात, मी लगेच उत्तर देते, मग बाकीचेही देतात.

जमलं का हे कसं कळणार

एमसीक्यूने नाही. मी प्रत्येक कामासमोर एकच प्रश्न लिहिते, हे काम याच्यावर एकट्यावर सोपवून मी घरी जाऊ शकते का? कंट्रोल बाहेर गेल्यावर निर्णय घेणं, सॅम्पल रिजेक्ट करणं, चुकीचा गेलेला रिपोर्ट दुरुस्त करून क्लिनिशियनला सांगणं, फ्रोझन (ऑपरेशन चालू असताना दिलेला रिपोर्ट) आणि पर्मनंटचं (नंतरच्या पक्क्या स्लाइडचं) जुळतं का ते दर महिन्याला काढणं. समोर चार खाने, फक्त बघितलं, माझ्यासमोर केलं, करून मला दाखवलं, एकट्याने केलं. तारीख आणि सही. दोन ओळी लिहायला जागा ठेवते आणि त्या दोन ओळी मार्कांपेक्षा जास्त कामाच्या असतात, "क्यूसीचा निर्णय बरोबर, पण लुक-बॅक विचारावा लागला" असं लिहिलं की पुढच्या महिन्यात काय शिकवायचं हे ठरलेलं असतं.

रेसिडेंट जाताना प्रोजेक्ट मरतो, हा शेवटचा खड्डा. म्हणून शेवटचा आठवडा हँडओव्हरला राखून ठेवा. एक पातळ फाइल पुरते, पहिल्या पानावर उद्दिष्ट, दुसऱ्यावर आजपर्यंतचा रन चार्ट, तिसऱ्यावर काय करून बघितलं आणि काय जमलं नाही, चौथ्यावर मदत करणाऱ्या माणसांची नावं आणि एक्स्टेंशन नंबर. फाइल ऑफिसच्या कपाटात ठेवायची नाही, नव्या रेसिडेंटच्या हातात द्यायची, आणि दोघांनी मिळून एकदा त्या वॉर्डमध्ये जाऊन यायचं. आमचा निळ्या ट्यूबचा चार्ट आता तिसऱ्या मुलाच्या हातात आहे, गेल्या सोमवारचा ठिपका त्यानेच टाकला.